खिळ्यावरचा नान

मर्गिलानच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत योरमतला नावानं कुणी विचारत नसे. "निळ्या हातांचा कुठं राहतो?" म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवी. उभा जन्म रेशीम निळीत बुडवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, आणि हा रंग आता कबरीतच सुटेल, असं तो स्वतःच सांगे. त्याची बायको रोहत म्हणायची, "लग्नात मी आधी हात पाहिले आणि रडले. मग तोंड पाहिलं आणि रडायची थांबले." तोंड देखणं होतं म्हणून नव्हे. लहानपणी जर्दाळूच्या बिया दातानं फोडताना त्याचा वरचा पुढचा एक दात गेला होता, आणि त्या फटीतून तो इतका घाबरून हसला की हिलाच त्याची दया आली.

असा हा योरमत हजला निघाला.

हजला निघायचं म्हणजे नुसतं बोचकं बांधून भागत नाही. घरची कर्तव्यं टाकून गेलेल्याची यात्रा अर्ध्या वाटेतच राहते म्हणतात. म्हणून एकुलत्या एका मुलाचं, साबिरचं, लग्न घाईघाईनं उरकलं. सून आणली ती थेट अलायच्या डोंगरातली, किरगिझांची. बुरुल तिचं नाव. तिचा बाप दर साली लोकर रंगवायला आणायचा, त्यातून जमलं. गल्लीनं नाक मुरडलं. "घोड्यावर वाढलेली पोर! हिला तंदूर कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?" रोहतनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

लग्नाच्या पुलावाची कढई अजून घासायची होती, नवी नवरी रीतीप्रमाणं कोपऱ्यातल्या पडद्याआड बसून होती, आणि अंगणात योरमत कमरेला प्रवासाचा शेला बांधत होता. रोहत तंदूरमधून काढलेला गरम नान तबकात घेऊन आली. लांब निघालेल्या माणसानं घरच्या नानाचा एक घास दातानं तोडायचा. उरलेला नान फडक्यात बांधून खिळ्याला टांगायचा. तो माणूस परत येतो, पहिल्यांदा तोच नान खातो, मग बाकीचं. तोवर नानाला कुणी हात लावायचा नाही, कारण माणसाला परत ओढून आणतो तो नान. त्या गल्लीत असा खिळा नसलेलं घर नव्हतं.

योरमतनं नान दोन्ही निळ्या हातांत धरला, घास तोडला, मान हलवली आणि निघाला. गाल फुगलेलाच. ना "येतो", ना "जपून राहा". गाडीत चढला तरी गाल फुगलेलाच.

"बघितलंस?" रोहत शेजारच्या हमरो-खालाला म्हणाली. "एवढा संसार केला, आणि जाताना बायकोला द्यायला एक शब्द नाही. तोंडात नान!"

"पुरुषाच्या तोंडात नान असलेलाच बरा," हमरो-खाला म्हणाली. तिला याचा अनुभव होता. तिचा नवरा फार बोलायचा.

नानाच्या चावलेल्या कडेला मध्येच एक छोटासा सुळका उभा राहिला होता, जिथं दात नव्हता तिथं. रोहतनं त्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि नान पांढऱ्या फडक्यात बांधून आतल्या खोलीत खिळ्याला टांगला.

पहिलं पत्र आलं तेव्हा थंडी पडली होती. गल्लीतल्या बायकांत वाचता येई ते फक्त ओतिनबीबींना. मुलींना कुराण शिकवायच्या, बायकांच्या सुखदुःखात पठण करायच्या. त्यांचा दरारा असा, की त्या आल्या की मांजरसुद्धा शेपूट आवरून बसे. हसल्या तर अस्तनी तोंडावर धरून हसायच्या. मोठ्या घरची रीत, असं सगळ्या समजत. शेगडीवरच्या चौरंगाभोवती रजईत पाय घालून बायका बसल्या, आणि ओतिनबीबींनी पत्र अशा सुरात लावलं की हमरो-खालाच्या डोळ्यांना पदर लागला.

"अगं, अजून नुसता मायना चाललाय," रोहत म्हणाली.

योरमतला लिहिता येत नव्हतं. त्याच्या जथ्यातला अंदिजानचा एक मुल्ला लिहून द्यायचा. तो मुल्ला स्वतःच्या पदरचं बरंच घालायचा. वाचता वाचता ओतिनबीबी थांबून सांगत, "विरहाच्या वाळवंटातला बुलबुल, हा मुल्लाचा. आगबोट म्हणजे लोखंडी सराय, पण सराय बरी, तिला ओकाऱ्या येत नाहीत, हे आपल्या योरमतचं."

"त्यांचंच ते," रोहत म्हणाली.

"आणि पुढं ऐका. 'समुद्र पाहिला. एवढी नीळ कालवून ठेवली आहे आणि बुडवायला एक चिंधी नाही. अल्लाचं काम, म्हणून गप्प बसलो. नाहीतर विचारणार होतो.'"

मग सलामांची यादी. इमामांना सलाम, भिंतीपलीकडच्या न्हाव्याला सलाम, साबिरला, साबिरच्या आईला, नव्या सुनेला, आणि हौदापाशी बांधलेल्या लंगड्या गाढवाला सुद्धा. यादी संपली. हमरो-खालाचं नाव नव्हतं.

"गाढवाला सलाम!" हमरो-खाला रजईतून पाय काढत म्हणाली. "त्याच्या मुलाची नाळ मी कापली. आणि सलाम गाढवाला!"

"मुल्ला विसरला असेल, खाला."

"मुल्ला मला ओळखतो कुठं विसरायला?"

दुसरं पत्र आलं इस्तंबूलहून, ऐन कडाक्यात. पत्र आल्याचं कळताच अर्धी गल्ली येऊन बसली. नवी सून आता पडद्याबाहेर आली होती, घरात रुळत होती. सासूनं न सांगता तिनं मोठं पातेलं शोरब्याचं चढवलं. मेंढीची चरबी, गाजरं, वर कोथिंबीर. आणि बायकांची संख्या बघून तिनं डोकं चालवलं. वाडग्यावाडग्यात वाळका नान कुस्करून त्यावर रस्सा ओतला, म्हणजे पोट भरेल आणि पुरेलही. सगळ्या भुरके मारत ऐकत होत्या.

"अगं रोहत," हमरो-खाला वाडगा चाटून म्हणाली, "डोंगरातली म्हणून आम्ही हिला हसलो. पण हात आहे हो पोरीला!"

रोहतची मान ताठ झाली. बुरुल दारात उभी राहून लाजली.

ओतिनबीबी वाचत होत्या, "'...इथं आमच्या मुलखातल्या लोकांची एक सराय आहे. पाव मिळतो, पण तो फुगलेला, श्रीमंताच्या जावयासारखा, आत काही नाही. साबिरच्या आईला सांगा, खिळ्यावरच्या माझ्या नानाकडं लक्ष ठेव. मी या परमुलखात जो उभा आहे तो त्याच दोरीनं बांधलेला आहे.'"

"लक्ष ठेव म्हणे!" रोहतनं पदर सावरला. "रोज नमाज झाली की बघते. या, तुम्हीच बघा सगळ्या." आणि तिनं आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारला.

खिळा होता. फडकं खाली, घडी घालून, व्यवस्थित ठेवलं होतं.

"बुरुल," रोहतचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "इथला नान कुठं आहे?"

"तो वाळका ना, ओयी?" सून आनंदानं म्हणाली. सासूला ती ओयी म्हणे, म्हणजे आईच. "बाकीच्यांत तोच सगळ्यात कडक होता. फेकायचा कसा नान, पाप लागतं. आत्ता कुस्करला की शोरब्यात."

अर्ध्या गल्लीनं आपापल्या वाडग्यात पाहिलं. वाडगे चाटूनपुसून स्वच्छ होते.

बिचारीची चूक तरी काय? योरमतनं घास तोडला तेव्हा ती पडद्याआड होती. डोंगरात तिच्या माहेरी तंबूला खिळाच नसतो, तर खिळ्यावरचा नान कुठून असणार? आणि तिला कुणी सांगितलं नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हे सुनेला कोण सांगत बसतं?

हमरो-खालानं तिला समजावलं, म्हणजे जमेल तितक्या वाईट तऱ्हेनं समजावलं. "तुझ्या सासऱ्याला माघारी ओढणारी दोरी होती ती, पोरी. आणि आम्ही ती कोथिंबीर घालून खाल्ली!"

बुरुल पांढरीफटक पडली. आत गेली, आणि बाहेर आली ती काखेत गाठोडं घेऊन.

"मी जाते डोंगरात, ओयी. मी इथं राहिले तर ते यायचे नाहीत."

रोहतला स्वतःलाच कुठंतरी जाऊन बसावंसं वाटत होतं. पण समोर ही एवढीशी पोर, गाठोडं आवळून उभी. उद्या गल्ली हिला जन्मभर 'सासऱ्याचा नान खाणारी' म्हणेल. नातवंडं होतील, त्यांनाही तेच ऐकावं लागेल.

"जा," रोहत म्हणाली. "पण आधी हे वाडगे घास. वाडगे झाले की अंगण झाड. अंगण झालं की पीठ मळ. मग उरलाच दिवस तर जा डोंगरात."

मग ती बायकांकडं वळली. "आणि तुम्ही! खाताना 'हात आहे हो पोरीला' कोण म्हणालं? पोटात सगळ्यांच्या गेलाय. एकीनं जरी तोंड उघडलं, तर मी सांगेन कुणी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतला ते."

मर्गिलानच्या त्या गल्लीत एक गोष्ट पहिल्यांदाच आणि शेवटचंच गुप्त राहिली, ती ही.

दुसऱ्या दिवशी तंदूर पेटला. प्रत्येक घराच्या नानावरचा ठसा वेगळा, म्हणून घरचाच ठसा मध्ये उठवून तसाच नान भाजला. आता घास हवा होता. साबिरनं तोडला तर बत्तीस दात, स्वच्छ चंद्रकोर. सुळका कुठून येणार? हमरो-खाला पुढं सरसावली. तिचाही एक दात नव्हता. पण तिचा सुळका डावीकडं गेला. "मी उलटी फिरून चावू का?" ती म्हणाली. नानामागून नान चावले गेले. बुरुल रडता रडता हसली, मग हसल्याबद्दल पुन्हा रडली.

ओतिनबीबी इतका वेळ कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्या उठल्या, नान हातात घेतला, भिंतीकडं तोंड केलं. कुरकुर असा आवाज आला. नान त्यांनी तबकात ठेवला. मध्यभागी, अगदी जिथल्या तिथं, छोटासा सुळका उभा होता.

त्या अस्तनीमागं एवढी वर्षं काय होतं, ते गल्लीला त्या दिवशी कळलं.

"ही लबाडी नाही," ओतिनबीबी अस्तनी तोंडाशी नेत म्हणाल्या. "हे ठिगळ आहे. ठिगळाला धर्मात मनाई नाही. टांग खिळ्याला."

रोहतनं टांगला. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक कळला नसता. पण नमाज झाल्यावर ती त्या फडक्याकडं बघे आणि मनात येई, नवऱ्याला फसवशील गं बाई, रस्त्याला कशी फसवणार? रस्त्याला माहीत आहे कुणी चावलाय ते.

तिसरं पत्र जिद्दाहून आलं. त्यात वादळ होतं. 'आगबोट अशी हलली की निम्मे लोक कलमा पढायला लागले आणि निम्मे ओकायला. मी दोन्ही केलं. मग एक शिडी धरून बसलो आणि म्हटलं, घरी माझं खाणं राहिलंय, मला आत्ता बुडता यायचं नाही.'

"कधी झालं हे वादळ?" रोहतनं विचारलं.

"दिवस लिहिलेला नाही," ओतिनबीबी कागद उजेडाकडं धरून म्हणाल्या. "इतकंच लिहिलंय, 'ज्या शुक्रवारी माझे मनुके संपले त्याच्या आधी.'"

"आपण शोरबा कधी खाल्ला? शुक्रवारी की गुरुवारी?"

"त्याचे मनुके कधी संपले ते आपल्याला काय ठाऊक!" हमरो-खाला म्हणाली. "आणि या खेपेलाही माझं नाव नाही. बुडता बुडताही नाही!"

त्यानंतर पत्रच नाही. जर्दाळू फुलले आणि झडले. वरच्या आळीचे हाजी परत आले. ढोल वाजले, मेंढे कापले. त्यांनी सांगितलं, योरमतच्या बोटीवर रोग निघाला म्हणून ती समुद्रातच कुठंतरी अडवून ठेवलीय. जिवंत असतील, अल्ला जाणे. रोहतनं हे ऐकलं आणि घरी येऊन रंगाचे सगळे रांजण घासले, ज्यांना घासायची काहीच गरज नव्हती. बुरुल न बोलता दुसऱ्या बाजूनं घासू लागली. गाठोडं तिनं अजून सोडलं नव्हतं. दाराआड तसंच होतं. रोहतला ते दिसायचं, ती बघितलं नाही असं दाखवायची.

"ओयी," बुरुल एकदा रांजणात डोकं घालून म्हणाली, "ते आले नाहीत तर?"

"तर मी त्यांना सोडणार नाही," रोहत म्हणाली.

तुतीची झाडं लदलदून आली तेव्हा योरमत आला. ढोल नाही, काही नाही. भर दुपारी फाटक ढकललं आणि एक काळा, वाळका म्हातारा आत आला. रोहतनं आधी हात पाहिले. हात गोरे होते! समुद्राच्या पाण्यानं म्हणा, साबणानं म्हणा, नीळ पार गेली होती. नुसती नखांत उरली होती. तिला वाटलं, कुणी परका निरोप घेऊन आलाय. तिच्या हातातली घागर सुटली. मग तो माणूस हसला, आणि ती फट दिसली.

"हात कुठं टाकून आलात?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"आहेत की. धुतलेत नुसते."

गल्लीनं क्षणात अंगण भरलं. पण योरमत कुणाच्या गळ्यात पडला नाही, पाणी सुद्धा प्याला नाही. रीत ती रीत. सरळ आत गेला, खिळ्यावरून फडकं काढलं, ओट्यावर येऊन बसला, नान मांडीवर घेतला. रोहत दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बुरुलची नजर दाराआडच्या गाठोड्यावर.

आणि योरमतनं नान तोंडाला न लावता कमरेचा शेला सोडला. त्याच्या टोकाला एक गाठ होती. गाठीत रुमाल, रुमालात कागद, कागदात एक काळपट, दगडासारखा तुकडा.

"हसू नका," तो म्हणाला. "निघताना घास तोडला खरा, पण गिळवेना. गळाच दाटून आला होता. बोलावं म्हटलं तर तोंडात घास, थुंकावं तर गल्ली बघतेय. आगगाडी सुटल्यावर काढला आणि बांधून ठेवला. रीत चुकली. घास पोटातच गेला नाही, तर नान ओढणार कशाला? साऱ्या वाटेत हाच घोर. आता म्हटलं घरी जाऊन आधी जागच्या जागी बसवीन, मग खाईन."

तो तुकडा नानाच्या कडेला लावू लागला. बसेना. उलटा केला. बसेना. सुळक्याशी लावला, बोटानं दाबला.

"वाळून आकसला असेल," साबिर म्हणाला.

"नान पण वाळलाय की. दोघांनी सारखंच आकसायला हवं." योरमतनं नान उजेडात धरला. "साबिरची आई, हा माझा घास नव्हे."

अंगणात तुती टपटप पडत होती.

"मी खाल्ला तुमचा," रोहत म्हणाली. "भूक लागली होती."

"खोटं!" बुरुल पुढं आली. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी शोरब्यात घातला. मला माहीत नव्हतं. सगळ्यांनी खाल्ला, पण घातला मी."

योरमतनं सुनेकडं पाहिलं. तिचा चेहरा तो आज पहिल्यांदा बघत होता. मग त्यानं अंगणातल्या एकेका बाईकडं पाहिलं, आणि एकेकीची मान खाली गेली.

"कसा लागला?" त्यानं विचारलं.

"कोथिंबीर होती," बुरुल कशीबशी म्हणाली. "चांगला लागला, अता." अता म्हणजे तिच्या बोलीत बाप.

योरमत हसायला लागला. इतका हसला की ओट्यावरून घसरला. "म्हणजे मी तिकडं घास गिळला नाही, आणि तुम्ही इकडं नानच गिळलात! मग मला ओढून आणलं कुणी?"

"आगबोटीनं," रोहत म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "आणखी कोण आणणार? द्या तो तुकडा इकडं. सूनबाई, शोरबा चढव. आणि चुलीकडं जाताना ते गाठोडं सोड, त्यात माझी चांगली कात्री आहे."

तुकडा शोरब्यात भिजला, आणि हाजी योरमतनं घरचा घास शेवटी गिळला. नंतर मात्र त्याला आठवलं. "पण मग हा नान कुणी चावला? माझ्यासारखाच चावलाय अगदी."

सगळ्या बायका तुतीच्या झाडाकडं बघू लागल्या. ओतिनबीबींची अस्तनी तोंडावर होती. योरमतनं अस्तनी पाहिली, नान पाहिला, आणि विषय बदलला. हजला जाऊन माणूस शहाणा होतो तो असा.

शेवटचं पत्र त्यानंतर आलं. स्वतः माणूस घरी येऊन पुन्हा निळीत हात घालू लागला होता, तेव्हा साबिर टपालातून ते घेऊन आला.

"फाडून टाक," योरमत म्हणाला. "मी आलोय की. काय हवं ते मला विचारा."

"तुम्ही गप्प बसा, हाजी," हमरो-खाला म्हणाली. ती येऊन पुढं बसली सुद्धा होती. "तुम्हाला सांगता येत नाही. ओतिनबीबी, लावा."

ओतिनबीबींनी लावलं. बोट अडवून ठेवलेल्या बेटावरचं पत्र होतं ते. रोग, ऊन, मेलेली माणसं. बायका ढसाढसा रडल्या. ज्याच्यासाठी रडत होत्या तो भिंतीला टेकून तुती खात होता, आणि मध्येच म्हणाला, "अगं, मी वाचलो."

"श्श!" सगळ्या म्हणाल्या.

सलामांची यादी आली. पहिल्याच ओळीत, इमामांच्याही आधी, 'आमच्या साबिरला या जगात आणणाऱ्या हमरो-खालाला.' हमरो-खालानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मग आणखी एकदा.

"'आणि मी नाहीच आलो,'" ओतिनबीबी पुढं वाचू लागल्या, "'तर खिळ्यावरचा नान वाटू नका. कुणाला कण देऊ नका. तो सगळा रोहतनं...'"

त्या थांबल्या. उभ्या आयुष्यात योरमतनं चारचौघांत बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं. साबिरची आई, घरातली, ती, अगं, यापुढं गाडी गेली नव्हती. गल्लीत कुणीच आपल्या बायकोचं नाव घेत नसे.

"'...रोहतनं एकटीनं खावा,'" ओतिनबीबींनी पुरं केलं.

"एकटीनं!" हमरो-खाला म्हणाली. "अगं बाई, आणि मी दोनदा वाढून घेतला!"

हसण्याचा लोट उठला. योरमतचे कान लाल झाले. "ते मुल्लानं घातलंय. बुलबुलासारखं."

"हो का?" रोहत म्हणाली. "अंदिजानच्या मुल्लाला माझं नाव कुठून कळलं?"

योरमतनं तोंडात एकदम मूठभर तुती कोंबल्या. गाल फुगले. त्यानं नुसती मान हलवली आणि रांजण बघायला म्हणून उठून गेला. रोहत त्याच्या पाठीकडं बघत राहिली. त्याचे हात पुन्हा मनगटापर्यंत निळे झाले होते.